गाइडवाल्यांना हिणवण्याआधी जरा थांबा

सांखळीवाली

परवा इथे ‘काळा कोट’ यांनी लिहिलं की लॉ कॉलेजात गाइड, सिनिअरच्या झेरॉक्स नोट्स आणि यूट्यूब हे तिन्ही विष आहे. पहिल्या दिवसापासून बेअर अ‍ॅक्ट (टिपणांशिवाय छापलेला मूळ कायदा) आणि मूळ निकालच वाचावेत, ज्याला झेपत नाही त्याने दुसरा धंदा बघावा. खाली लाइकचा पाऊस. त्यातले निम्मे लाइकवाले परीक्षेच्या आदल्या रात्री काय वाचतात ते मला ठाऊक आहे, म्हणून गप्प बसवेना.

साहेब, तुमच्या घरात वडिलांच्या कपाटात एआयआरचे, म्हणजे कोर्टाच्या निकालांचे, खंड असतील. माझ्या घरी कोर्टाचा कागद आला की आई तो देवाच्या फोटोमागे ठेवते, इतकाच आमचा कायद्याशी संबंध. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, आणि मग एकदम ‘नोटविथस्टँडिंग एनिथिंग कंटेन्ड’. पहिल्या सेमिस्टरला कलम वाचून झालं की कर्ता कुठला आणि क्रियापद कुठलं हेच शोधत बसायचे. त्या वेळी गाइड नसतं तर मी पणजीच्या स्टँडवरूनच सांखळीची परतीची कदंबा बस पकडली असती.

माझी रीत सांगते, मग काय ती नावं ठेवा. वर्गात विषय सुरू व्हायच्या आधी गाइडमधला तेवढा भाग भराभर वाचते, पुढे काय काय येणार ते कळण्यापुरता. मग बेअर अ‍ॅक्ट. कलमाखालची उदाहरणं सोडत नाही. गाइडवाले नेमकी तीच गाळतात आणि अर्धं कलम त्यातच असतं. खुनाचं कलम घ्या, आता बीएनएसचं (आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं) 101. झेडला असा आजार आहे की एक ठोसा बसला तरी जीव जाईल, आणि ए ला ते माहीत आहे. हे एक उदाहरण नीट कळलं की 100 (सदोष मनुष्यवध) आणि 101 मधला फरक कुठल्या तक्त्याशिवाय कळतो. त्यानंतर लेक्चर. लेक्चर झाल्यावर गाइड मिटून स्वतःच्या शब्दांत एक पान लिहायचं, आणि शेवटी जुने पेपर काढून वेळ लावून उत्तर लिहायचं. अडले तिथेच परत गाइड.

गाइड आधी आणि शेवटी, मधली मेहनत आपली. याला विष म्हणायचं असेल तर म्हणा. पण ‘दुसरा धंदा बघा’ हे तोंड सांभाळून म्हणा. तालुक्याच्या गावातून पोरं येतात, त्यांना दारातच हाकलायचं काम तुमच्याकडे कोणी दिलं?

काळा कोट

बाई, कपाटाचं राहू द्या. माझे वडील बसवर कंडक्टर होते. एआयआरचा पहिला खंड मी सनद मिळाल्यावर हातात धरला.

आता मुद्द्यावर या. मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, 1903. तुमच्या गाइडमध्ये यावर साधारण दोन ओळी असतात: अज्ञानाचा (म्हणजे अल्पवयीनाचा) करार मुळातच रद्दबातल, आणि अज्ञानाविरुद्ध एस्टॉपेल (आधी एक सांगून नंतर ते नाकारायला बंदी) लागत नाही. पोरं हे पाठ करतात, वकील होतात आणि मरेपर्यंत तेच बोलतात. निकाल काढून बघा. अज्ञानाला एस्टॉपेल लागतो की नाही, हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टाने, चक्क बाजूला ठेवला. त्याची आत्ता गरज नाही म्हणाले. त्यांनी एवढंच धरलं की घर गहाण ठेवणारा मुलगा अज्ञान आहे हे सावकाराचं काम बघणाऱ्याला आधीच माहीत होतं. ज्याला खरं माहीत आहे त्याला ‘मला फसवलं’ म्हणायला जागा नाही, म्हणून एव्हिडन्स अ‍ॅक्टचं 115 या प्रकरणात येत नाही. दोन्हींत फरक आहे की नाही? समोरचा वकील हुशार असेल तर या फरकावर तुमची केस जाईल.

आणि निकाल काही हजार पानांचा नाही. तासाभरात वाचून होतो, इंडियन कानून साइटवर फुकट. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर फुकट. कायदे इंडिया कोडवर फुकट. झेरॉक्सवाल्याला पैसे देता, मग गरिबीचं कसलं सांगता?

तिसरं वर्ष

कोट साहेब, तुम्ही सांगितलंत तेच आमच्या वर्गातल्या एकीने पेपरात लिहिलं होतं. प्रिव्ही कौन्सिलने प्रश्न उघडा ठेवला वगैरे, अगदी मुद्देसूद. तिला मिळाले चौदापैकी पाच. शेजारच्याने गाइडातली ती दोन ओळींची गोष्ट लाल पेनने अधोरेखित करून लिहिली, त्याला दहा. तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरातच ‘एस्टॉपेल नाही’ लिहिलेलं होतं म्हणे. आता सांगा, विष कोण विकतं? गाइडवाला की पेपर तपासणारा?

काळा कोट

तू मार्कांसाठी शिकतोस की वकिलीसाठी?

तिसरं वर्ष

पास न होता सनद देतात का हो कोण? तुमच्या वेळी देत असतील.

बरं, एक मान्य करतो, नाइलाजाने. बार काउन्सिलच्या एआयबीईला, म्हणजे वकिलीच्या पात्रता परीक्षेला, पूर्वी पुस्तकं नेता यायची, आता फक्त कोरा बेअर अ‍ॅक्ट, त्यात एक टिपण चालत नाही. पाच वर्षं गाइडवर काढलेले आमचे सिनिअर तिथे अनुक्रमणिका चाळत बसले होते. बेअर अ‍ॅक्ट हाताळायची सवय हवी, हे तुमचं खरं. बाकीचं तुमचं भाषण तुमच्याकडेच ठेवा.

पेडणेकरीण

एक व्यवहाराची गोष्ट, कोणीच बोलत नाहीये म्हणून. म्हापशाला सेकंडहँड गाइडं स्वस्त मिळतात, पण त्यातली बरीचशी आयपीसी, सीआरपीसीची. 1 जुलै 2024 पासून त्यांच्या जागी नव्या संहिता आल्या आणि सगळे नंबर बदलले. सीआरपीसीचं 482 म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, आणि बीएनएसएसचं (सीआरपीसीच्या जागी आलेल्या संहितेचं) 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार गेले 528 ला. एका मुलीने मूट कोर्टात (सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यात) जुनं पाठ केलेलं ठोकून दिलं, जज म्हणून बसलेल्या वकिलांनी तिला तीन वेळा ‘कुठलं 482?’ विचारलं. बिचारीला प्रश्नच कळेना.

पण जुनं फेकूही नका. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना आयपीसीच लागतं आणि तसले खटले अजून वर्षानुवर्षं चालणार आहेत. दोन्ही संहिता शेजारी ठेवून तक्ता स्वतःच्या हाताने बनवा. छापील तक्ता घेऊन काही होत नाही, बनवतानाच तो डोक्यात जातो.

फोंड्याचा जुना वकील

तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, गोव्यातल्या पोराने उत्तरेत छापलेलं फॅमिली लॉचं गाइड कशाला वाचावं?

माझ्याकडे गेल्या वर्षी एक ज्युनिअर आला. मार्क चांगले, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. मुलीचा वडिलांच्या घरात हक्क, एवढी साधी नोटीस करायला दिली. पठ्ठ्याने हिंदू वारसा कायद्याचं कलम 6, 2005 ची दुरुस्ती, कोपार्सनरी (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला जन्मजात हक्क), सगळं झकास लिहून आणलं. माझा कारकून वाचून हसला. कारण पक्षकार इथली, घर इथलं, आणि इथे तो कायदाच लागत नाही! इथे 1867 ची पोर्तुगीज संहिता आणि वारशाला आता 2012 चा गोव्याचा कायदा, जो 2016 पासून चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. घर विकायचं तर दोघांची सही. मरणाऱ्याच्या वाट्यातला अर्धा भाग हक्काच्या वारसांना राखीव, मृत्युपत्र कसंही करा. हे कुठल्या गाइडमध्ये आहे? आणि ‘फुकट साइट’वाले कोट साहेब, तुम्हीही हे बेअर अ‍ॅक्ट वाचून शिकलात का? मी तर सिनिअरच्या ऑफिसात धूळ खात शिकलो.

कुळागर

वकीलसाहेब, आता तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका. पोर्तुगीज जाऊन 60 वर्षं उलटली आणि आम्ही त्यांच्याच कायद्यात अडकून. आमच्या घरची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मिळकत वाटून घ्यायचं कोर्टातलं प्रकरण, आजोबांच्या नावाची. एक वारस मुंबईला, एक लिस्बनला, एकाचा पत्ताच नाही. एकाला नोटीस लागेपर्यंत दुसरा मरतो, मग त्याचे वारस आणा, परत नोटीस. तोवर कुळागरातली (बागेतली) सुपारी कोणी पाडायची यावर दोन काका बोलत नाहीत, चतुर्थीला गणपतीवरच्या एकाच माटोळीखाली बसतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. आणि दिल्लीत भाषणं चालतात, गोवा बघा, गोव्यात समान नागरी कायदा!

मडगावचो

भाषणं कशाला, सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय. 2019 चा होझे पाउलो कुतिन्यो निकाल. गोवा हे समान नागरी कायद्याचं झळाळतं उदाहरण आहे असं त्यात लिहिलंय, आणि गोंयकाराची मिळकत गोव्याबाहेर असली तरी वारसा इथल्याच कायद्याने. तुमच्या काकांच्या भांडणाचं खापर कायद्यावर फोडू नका. मुलीला मुलाइतका वाटा देशात इतरांना सुचायच्या कितीतरी आधी इथे होता.

कुळागर

वाटा कागदावर. माझ्या आत्याला हातात काय मिळालं ते विचारा ना! हक्कसोडीवर सही घेतली, चहा-शंकरपाळी दिली, झालं.

फोंड्याचा जुना वकील

मडगावचो, ते वाक्य पुढे वाच रे बाबा. ‘काही मर्यादित हक्क सोडून’ असंही त्यातच आहे. ते हक्क कुठले? 1880 चा हिंदूंच्या रूढींचा हुकूमनामा कधी उघडलायस? बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही, तिशीपर्यंत मुलगा नाही, तर हिंदू नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची वाट त्यात ठेवली होती. आज कोणी ती धरत नाही, ठीक आहे. पण तुझं ते ‘समान’ कुठे गेलं? चर्चमधल्या लग्नांची वाट आणखी वेगळी. भाषणात घालायला सोपं असतं, वाचायला जड.

मडगावचो

सगळ्या गोष्टीत खोट काढायची सवय वकिलांनाच. तो हुकूमनामा मेलेला आहे हे तुम्हीच लिहिता, आणि त्याच्यावरूनच भांडता.

पेडणेकरीण

मेलेला असला तरी तो एका बाईच्या वयाचा हिशोब घालत होता. तुम्हाला ते ‘खोट काढणं’ वाटतं, यात नवल नाही.

मडगावचो

ताई, वैयक्तिक होऊ नका.

पेडणेकरीण

मी अजून सुरुवातच केली नाही.

सांखळीवाली

सायबा! धागा अभ्यासाचा होता, तुम्ही सगळे मिळून कोर्टात नेऊन ठेवला.

पण फोंड्याच्या वकीलकाकांनी विचारलं ते कोणीच घेतलं नाही, म्हणून सांगते. निम्मी मिळकत, राखीव हिस्सा, इन्व्हेंटरीत वारसांची आपापसात बोली कशी लागते, हे मी कुठून शिकले? देशी गाइडमध्ये नाही. बेअर अ‍ॅक्ट वाचला, पण काही शब्दांवर नुसते डोळे फिरले. शेवटी डिचोलीच्या एका सिनिअर ताईच्या वहीची झेरॉक्स मिळाली. तिने खऱ्या इन्व्हेंटरीचे टप्पे क्रमाने मांडले होते, समासात कोण कधी कुठला कागद देतो ते लिहिलं होतं. ती वही शेजारी ठेवून 2012 चा कायदा परत वाचला, तेव्हा कलमं बोलायला लागली. म्हणजे कोट साहेब, तुमच्या तीन विषांतलं एक तरी परत घ्या. ते आमच्याकडे एकमेव पाठ्यपुस्तक आहे.

काळा कोट

घेतलं. डिचोलीच्या ताईची वही विषमुक्त, सरकारी शिक्क्यासह. खूश?

पण अट आहे. तू कायदा शेजारी ठेवलास. वर्गातली बाकीची पोरं तीच झेरॉक्स झेरॉक्सची झेरॉक्स करून वाचतात, कलमाचा नंबर पुसट झाला तरी तसाच लिहितात. 65 चं 85 झालेलं मी उत्तरपत्रिकेत स्वतः बघितलंय. आणि हल्ली तर पोरं मोबाइलला विचारतात, तो आत्मविश्वासाने नसलेला निकाल सांगतो. न्यूयॉर्कमध्ये 2023 ला असले खोटे निकाल दाखल करणाऱ्या वकिलांना 5000 डॉलर दंड बसला. आपल्याकडे ही वेळ यायची मी वाट बघतोय.

तिसरं वर्ष

वाट कसली बघता, आनंदाने बघता म्हणा.

आणि ताई, ती वही पीडीएफ करून टाकशील का?

सांखळीवाली

नाही टाकणार. तिची आहे, तिला विचारते. आणि ज्याला हवी त्याने आधी कायदा उघडून तीन प्रश्न पाठवायचे, मग देईन. एवढं तरी कोट साहेबांचं ऐकते.

फोंड्याचा जुना वकील

बाय, त्या वहीची एक प्रत मलाही पाठव. चुका असतील, काढून देतो. नसतील तर माझ्या ज्युनिअरला देतो.

आणि कुळागर, भांडण पुरे. तुमच्या इन्व्हेंटरीत जो पत्ता न लागलेला वारस आहे, त्याच्यासाठी वर्तमानपत्रात नोटीस छापली का? की नुसतेच थांबलात? फाइलचा नंबर खासगीत टाका.

कुळागर

छापली नाही. वकील म्हणाले पुढच्या तारखेला बघू.

नंबर टाकतो. पण तुम्ही पण तारीखच देणार ना?