रिटेनिंग वॉलला तुमच्याकडे काय म्हणतात?

म्हसरूळकर:
गेले तीन रविवार घरातले सगळे मिळून परसातली लाकडी भिंत पुन्हा उभी करतोय. घर नाशिकमधल्या म्हसरूळला, चामरलेण्यांच्या डोंगराच्या अंगाला, त्यामुळे परसाचे दोन टप्पे आहेत. वरच्यात कढीपत्ता आणि पेरू, कमरेइतका खाली धुण्याचा दगड. आजोबा रेल्वेत होते. भंगारात निघालेले लाकडी स्लीपर आणून त्यांनी मधे एकावर एक रचले होते. गेल्या पावसाळ्यात मधला भाग आधी फुगला, मग एका रात्री आडवा झाला. सकाळी कढीपत्ता धुण्याच्या दगडावर.

आता शब्दाचा घोळ. भाऊ म्हणतो रिटेनिंग वॉल. बाबा म्हणतात संरक्षक भिंत. लाकडाच्या वखारीत विचारलं तर “कंपाउंडला पाहिजे का?” आणि आजी, माहेर सिन्नरकडचं, पहिल्या दिवसापासून एकच म्हणतेय: “ताल फुटली म्हण की. भिंत कसली!” ताल शेतात असते एवढंच मला ठाऊक. लाकडाची ताल असते का?

सिन्नरवाला:
आजींचं बरोबर आहे. उताराच्या रानात माती वाहून जाऊ नये म्हणून खालच्या कडेला जो दगडमातीचा आडवा बंधारा घालतात ती ताल. शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन ताली. गाण्यातला ताल पुल्लिंगी, त्याचा इथे संबंध नाही. बांध आणि ताल यांत लोक गल्लत करतात. बांध हद्द दाखवतो, सपाट रानातही असतो, त्याच्यावरून भांडणं होतात. ताल हद्दीसाठी नसते, ती वरची माती धरून ठेवते. म्हणून तालीच्या दोन्ही अंगांना जमिनीची पातळी वेगळी. तुमच्या परसात नेमकं तेच आहे. लाकडाची ताल मी पाहिली नाही, पण काम तालीचंच.

जाता जाता: 1972 च्या दुष्काळात कामावर गेलेल्या आमच्या घरच्या माणसांच्या तोंडी तालीबरोबर ‘नालाबंडिंग’ असायचं, म्हणजे ओढ्यानाल्यांना बांध घालणं. गंमत बघा, इंग्रजीतला ‘बंड’ हा मूळ आपल्याकडच्या ‘बंद’वरून उचललेला, फारसीतून आलेला. तिकडे जाऊन शेपूट लावून परत आला.

गवंड्याची लेक:
‘संरक्षक भिंत’ हा टेंडरातला शब्द. शाळेच्या आवाराची ती संरक्षक भिंत, नदीकाठची ती संरक्षक भिंत, घाटात दरड अडवते तीही संरक्षक भिंत. शब्द चुकीचा नाही, पण गवंड्याच्या उपयोगाचा नाही. माझे वडील गिऱ्हाइकाला पहिलं विचारायचे, “मागं भराव आहे का?” हो म्हटलं की पाया, जाडी, हिशोब सगळंच बदलायचं. आवाराच्या भिंतीला स्वतःचं वजन आणि वारा एवढंच सोसायचं असतं. मागं भराव असला की तिला रेटा सोसावा लागतो. ‘दाब’ म्हणू नका. दाब वरून येतो, रेटा आडवा येतो, असं ते म्हणायचे.

आणि खरा रेटा पाण्याचा. 1 मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी वरपर्यंत तुंबलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच रेटा साधारण 500 किलो. भिंत दुप्पट उंच केली की तो चौपट. कोरडा मुरूम वर्षानुवर्षं धरून ठेवलेली भिंत एका पावसात जाते ती यामुळे. तुमचा मधला भाग ‘फुगला’ म्हणता, त्याला आमच्याकडे ‘भिंतीनं पोट काढलं’ म्हणतात. पोट काढलेली भिंत ओळंब्यात परत येत नाही, उतरवावीच लागते.

चिपळूणची:
आमच्याकडे गडगा. जांभ्याचा किंवा काळ्या दगडाचा, चुना-सिमेंटाशिवाय. गडगा बांधत नाहीत, रचतात.

म्हसरूळकर:
चिपळूणच्या ताई, म्हणजे आजोबांनी स्लीपर ‘रचले’ हे मी नकळत बरोबर लिहिलं तर. कारण जुनी भिंत उतरवताना दिसलं की एकाला दुसऱ्याशी धरून ठेवणारं काहीच नव्हतं. वरून स्लीपर धडधाकट, पण खालचे दोन मातीकडच्या बाजूनं बोटानं उकरले तरी भुगा. खिळ्यांची जुनी भोकं, त्यांत वाळवीची माती, आणि इतक्या वर्षांनीही तो डांबरट वास. मागे सगळी काळी माती ठासलेली, एक खडा नाही, पाण्याला वाट नाही. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. (स्लीपरचे तुकडे बंबात घालायचा बेत होता, तो रद्द केला. लाकूड टिकावं म्हणून स्लीपरना डांबरी तेल पाजलेलं असतं, त्याचा धूर विषारी असतो. कुणी घालत असाल तर घालू नका.)

नव्या रचनेत बाभळीचे खांब आहेत, वर दिसतात जवळपास तेवढेच खाली पुरलेले, डोंगराकडे किंचित कललेले. त्यांच्या मागे आडव्या जाड फळ्या, मागे हातभर रुंदीची खडी, मग मुरूम थराथरानं धुम्मस मारून. भावाला ओळंबा धरायला दिला तर तो खांब सरळच करायला निघाला. त्याला सांगावं लागलं, हा कल मुद्दाम आहे.

आता दुसरा शब्द हवाय. दोन ठिकाणी फळीपासून मागे मातीत एक ओंडका आडवा आत नेलाय आणि त्याच्या टोकाला आणखी एक लाकूड आडवं ठोकून सगळं पुरलंय. बाबा त्याला टेकू म्हणतात. मला ते पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही.

गवंड्याची लेक:
टेकू नाहीच. टेकू खालून, वाकलेल्या तुळईला देतात तसा. कलत्या भिंतीला बाहेरून तिरका लावतात तो धिरा. दोन्ही ढकलतात. तुमचा ओंडका मागून ओढून धरतोय.

सिन्नरवाला:
अहो, नाशिकला राहून हा प्रश्न? द्राक्षाच्या मांडवाला कडेच्या अँगलपासून बाहेर तार ओढून जमिनीत दगड पुरतात, त्याला काय म्हणतात? ताण. “कडेच्या ओळीला ताण दिला का?” असंच विचारतात. तारेऐवजी लाकूड आणि दगडाऐवजी आडवं लाकूड, एवढाच फरक.

म्हसरूळकर:
ताण! बाबांनी लगेच खडूनं ओंडक्यांवर ‘ताण 1’, ‘ताण 2’ लिहिलं, ते मातीखाली गेलंसुद्धा.

एकच राहिलं. खालच्या फळीत पाणी निघायला सात भोकं ठेवलीत. ‘वीप होल’ सोडून शब्द आहे का? रविवारी वरच्या टप्प्यावर आठ-दहा बादल्या पाणी ओतून पाहिलं, तर सहांतून आलं, चौथं कोरडं. भाऊ म्हणाला, चोंदलं, फळी काढावी लागणार. आजी पायरीवर बसून लसूण सोलत होती. म्हणाली, “थांब रे, अजून पाझर फुटायचाय तिला.” संध्याकाळी चौथ्याखाली धुण्याच्या दगडापर्यंत ओल आली होती.