धूम्रपानातलं पान कुठलं?

चिंचबोर:
परवा एसटीत लेकीने पाटी वाचली 'धूम्रपान करू नये' आणि विचारलं, बाबा यात कुठलं पान असतं? मी ठोकून दिलं की तंबाखूचं, विडीला वरून टेंभुर्णीचं पण गुंडाळतात की. ती गप्प झाली, पण मग मीच अडकलो, मद्यपानात कुठलं? रात्री घरी हाक आली 'पानं घेतलीयेत, या', बघतो तर स्टीलची ताटं. खायचं पान, वहीचं पान, पत्त्यातलं पान, हे सगळं एकच का?

मोडीलिपी:
धूम्रपानातलं सोडून बाकी सगळं एकच. ते पान संस्कृत 'पर्ण' वरून आलं, पर्ण-पण्ण-पान, जसं कर्णाचा कान झाला आणि चूर्णाचा चुना (म्हणजे विड्यातलं पान आणि चुना एकाच वाटेने आलेत 😄). धूम्रपान, मद्यपान, विषपान यातलं पान म्हणजे पिणे, धातू 'पा'. गंमत अशी की मराठीत रुळताना एकट्या 'न'चा बहुतेक 'ण' होतो, पानीयचं पाणी झालं तसं. हे पान मात्र संस्कृतातून जसंच्या तसं उचललंय म्हणून 'न' टिकला, आणि दोन्ही शब्द दिसायला सारखे झाले. वहीचं पान ताडपत्रावरच्या पोथ्यांमुळे. 'पत्र' बघा ना, आधी झाडाचं पान, मग चिठ्ठी, मग लग्नपत्रिका आणि शेवटी घरावरचा पत्रा!

कोकणकडा:
ताटाला पान म्हणतात ते पंगतीमुळे. आमच्या आजीकडे सणाला केळीचं पानच, शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा, मी एकदा उलटं मांडलं तर वाढलेलं मीठ-लिंबू सकट परत सरळ करायला लावलं होतं तिने. आता केळ पण नाही आणि पंगत पण नाही, तरी 'पानात टाकू नको' हे रोज आहेच. आणि पानगी राहिली की, तांदळाचं पीठ पानात थापून तव्यावर, तिचं नावच पानावरून.

रानवाट:
अजून एक राहिलं. आमच्या गावाकडे 'त्याला पान लागलं' म्हणजे साप चावला. रात्रीचं सापाचं नाव घेत नाहीत, जनावर नाहीतर लांबडं म्हणतात, तसंच हे. मुंबईहून आलेल्या भावजींना एकदा कोणीतरी सांगितलं शेजारच्या आबांना पान लागलंय, तर हे म्हणे चुना जास्त झाला असेल, पाणी पाजा. इकडे आबांना जीपमध्ये घालून तालुक्याला न्यायची घाई चाललेली. आबा वाचले, पण भावजींना अजून विडा पुढे करताना सगळे हसतात.

चिंचबोर:
@मोडीलिपी धन्यवाद दादा. म्हणजे मी लेकीच्या तोंडाला पानंच पुसली की. आता उद्या खरं सांगतो, आणि ती पहिलं विचारणार की मग हे पान कुठलं 😅