प्र.: सार्वमत घ्या, प्रश्न मिटेल

'सार्वमत घ्या, लोकांना राजा नको असेल तर एका दिवसात निकाल लागेल' असं ब्रिटनचा राजा राष्ट्रप्रमुख असलेल्या देशांबद्दल वर म्हटलंय. राजा नको हे मलाही मान्य, पण मामला इतका सरळ नाही. ऑस्ट्रेलियात ६ नोव्हेंबर १९९९ ला हेच करून पाहिलं. मतपत्रिकेवर 'ब्रिटनची राणी हवी की नको?' असं विचारलंच नव्हतं. राणी आणि गव्हर्नर जनरल (तिचा तिथला प्रतिनिधी) यांच्या जागी संसदेने दोन-तृतीयांश बहुमताने नेमलेला राष्ट्राध्यक्ष आणायची घटनादुरुस्ती मान्य आहे का, हे सगळं एका दमात विचारलं होतं. चौकटीत स्वतःच्या हाताने 'येस' किंवा 'नो' लिहायचं. आता ज्याला राणी नको, पण राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा असं वाटतं, त्याने काय लिहावं? अशा बऱ्याच जणांनी 'नो' लिहिलं आणि राजेशाहीवाल्यांना आयती मतं मिळाली. सुमारे ५५ टक्के विरोधात, सहाच्या सहा राज्यांत हार.

कॅरिबियनमधल्या बार्बाडोसने सार्वमताची भानगडच ठेवली नाही. संसदेत घटनादुरुस्ती केली, गव्हर्नर जनरल असलेल्या सँड्रा मेसन यांनाच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलं आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला देश प्रजासत्ताक झाला. (लोकांना न विचारता लोकांचं राज्य, हे मला जरा खटकतंच.) जवळच्याच सेंट व्हिन्सेंटमध्ये २००९ साली रीतसर विचारलं होतं. हवी होती दोन-तृतीयांश मतं, मिळाली ४३ टक्के.