बॅरिस्टर जयकर आज कुलगुरू होऊ शकले असते का?

गणेशखिंडकर:
पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर. 1948 मध्ये नेमणूक झाली तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेले. पेशा वकिलीचा. त्याआधी फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, मग लंडनचं प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय. पेट्रोलवर कर बसवून रस्त्यांसाठी निधी उभारा, ही शिफारस त्यांच्याच समितीची. (घटना समितीतली त्यांची जागा रिकामी झाली, तिथेच 1947 मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईतून निवडून आले, हे अनेकांना ठाऊक नसतं.) या माणसाने 1956 पर्यंत विद्यापीठ उभं केलं.

आज? राज्याच्या 2016 च्या कायद्यानुसार पासष्टीला खुर्ची सोडायची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 वर्षांची प्राध्यापकी किंवा तशाच शैक्षणिक पदाचा अनुभव हवा. जयकरांचा अर्ज छाननीतच बाद! म्हणून यूजीसीच्याच जानेवारी 2025 च्या नव्या नियमांच्या मसुद्यात उद्योग आणि प्रशासनातल्या लोकांना दार उघडलं, ते मला योग्य वाटतं.

तासिकावाला:
साफ असहमत. जयकरांच्या वेळी 18 महाविद्यालयं होती, पाटी कोरी होती. सरकारकडून जमीन आणि पैसा मिळवायला वजनदार माणूस लागतच होता. आजचं काम वेगळं आहे. निकाल का रखडला, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाची नोंदवही) कुठे अडली, अभ्यास मंडळावर कोण बसलंय, हे बाहेरून आलेल्याला कळेपर्यंत त्याची अर्धी मुदत संपते. मी 9 वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिकवतोय. मागचं मानधन 7 महिने थकलं होतं. ते सोडवलं अशा माणसाने, ज्याने स्वतः कधीतरी वर्गात खडू धरला होता.

गणेशखिंडकर:
तुमचा त्रास खरा आहे. पण बिंदुनामावली आणि मानधनाच्या फायली हे कुलसचिवांचं काम. कुलगुरूने मंत्रालयात जाऊन रिक्त जागा भरून आणाव्यात. त्याला लागतं वजन, आणि ते जयकरांकडे होतं.

तासिकावाला:
वजन कुणाचं, हाच तर प्रश्न आहे. त्याच खुर्चीवर पुढे काकासाहेब गाडगीळ आले, पाटसकर आले. दोघेही आधी राज्यपाल होते. त्यांच्या योग्यतेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तेव्हा राजकारणातून आलेला माणूसही ग्रंथ लिहिणारा असायचा. आज ते दार उघडलं तर आत कोण शिरेल, हे आपण दोघंही जाणतो.

नाशिकची_बाई:
राम ताकवले कसे विसरलात? भौतिकशास्त्राचे शिक्षक. पुण्याचे कुलगुरू झाले, 1989 मध्ये आमच्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, पुढे दिल्लीत इग्नूचे. माझी आई लग्नानंतर 14 वर्षांनी बी.ए. झाली, ती मुक्त विद्यापीठामुळे. स्वयंपाक आटोपून रात्री पुस्तक उघडणाऱ्या बाईला काय लागतं, ते शिकवणाऱ्या माणसालाच सुचलं. कंपनी चालवणाऱ्याने आधी फी विचारली असती. माझं मत तासिकावाल्यांच्या बाजूने.

गणेशखिंडकर:
ताकवल्यांबद्दल वादच नाही. पण मी दार शिक्षकांना बंद करा म्हणतच नाहीये, इतरांनाही उघडा म्हणतोय. ताकवलेही निवडले जावेत आणि जयकरही.

तासिकावाला:
निवडणारी समिती कुणाच्या धाकात नसेल त्या दिवशी मीही हो म्हणेन. तोवर 10 वर्षांची अट राहू द्या. पासष्टीची अट मात्र मलाही पटत नाही, ती काढायला माझी सही घ्या.