ग्राइंडरचे गार्ड आणि परत आलेली वीज

चष्मा आणि हातमोजे वापरले की ग्राइंडरचा, म्हणजे हातात धरून फिरत्या चकतीने धातू कापण्या-घासण्याच्या यंत्राचा, धोका संपतो, हे मत मला अपुरे वाटते. चार इंची ग्राइंडरची चकती साधारणपणे मिनिटाला ११,००० फेरे फिरते, म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक भरतो. अशी चकती फुटली तर तिचे तुकडे अडवण्याचे काम गार्ड, म्हणजे चकतीभोवतीचे संरक्षक आवरणच करते. तरीही गार्ड काढून त्याच चार इंची ग्राइंडरवर सात इंची चकती बसवणारे कारागीर सर्रास दिसतात. १८० मिलिमीटरच्या, म्हणजे सात इंची, चकतीवर बहुधा मिनिटाला ८,५०० फेऱ्यांचीच मर्यादा छापलेली असते, हे कोणी वाचत नाही. लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावणे तर त्याहून वाईट, कारण दाते लाकडात अडकले की यंत्र झटक्याने उसळून हातातून निसटते.

दुसरा एक मुद्दा आपल्याकडच्या भारनियमनाचा आहे. अनेक ग्राइंडरांचे बटण पुढे सरकवले की तिथेच अडकून राहते. काम चालू असताना वीज गेली आणि ते मागे न घेताच यंत्र खाली ठेवले, तर वीज परत येताच ते जमिनीवर आपोआप फिरू लागते. म्हणून वीज गेल्यावर आधी बटण बंद करावे आणि पिन काढावी. चकती बदलतानाही पिन काढलेलीच असावी. हातमोज्यांबद्दल सांगायचे तर, ड्रिल मशीनवर ते घालूच नयेत, कारण फिरत्या बिटात कापड गुंडाळले गेले की बोटेही ओढली जातात.