मदत हवी आहे: शाळेच्या आत सोडत झालेल्या प्रयोगात गट सारखे आहेत हे कसे तपासावे?

नमस्कार.

शिक्षणशास्त्रातील प्रबंधासाठी मी अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ साली सुरू झालेल्या ‘स्टार’ प्रयोगाची खुली माहिती वापरत आहे. त्यात ७९ शाळांमधील बालवर्गाच्या सुमारे ६,३०० मुलांची सोडतीने तीन प्रकारच्या वर्गांत विभागणी झाली होती: १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि तेवढाच मोठा पण शिक्षकाला मदतनीस दिलेला वर्ग. वर्गाच्या आकाराचा मुलांच्या चाचणीतील गुणांवर काय परिणाम झाला याकडे वळण्यापूर्वी हे तीन गट आरंभी सारखे होते का, हे मला तपासायचे आहे.

प्रथम मी सर्व शाळांतील मुले एकत्र करून लिंग, वंश, वय आणि मोफत जेवणाची पात्रता (म्हणजे घरच्या गरिबीची खूण) यांची गटवार सरासरी काढली व टी-चाचण्या (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाने येण्याजोगा आहे का, हे पाहणाऱ्या चाचण्या) लावल्या. ही पद्धतच चुकीची होती, हे नंतर लक्षात आले. सोडत प्रत्येक शाळेच्या आत झाली होती, आणि लहान वर्गात गेलेल्या मुलांचे प्रमाण शाळेगणिक वेगळे होते. किमान पटाच्या, म्हणजे ५७ मुलांच्या शाळेत एक लहान वर्ग (१३) आणि दोन मोठे वर्ग (प्रत्येकी २२) बसत. पट वाढला की हे प्रमाण बदले. त्यामुळे गरीब वस्तीतील शाळांत ते प्रमाण वेगळे असेल, तर सोडत पूर्ण प्रामाणिक असूनही एकत्रित सरासऱ्यांत फरक दिसणारच. आता मी प्रत्येक शाळेसाठी वेगळा स्थिरांक घेऊन रिग्रेशन करतो, म्हणजे तुलना एकाच शाळेतील मुलांमध्ये राहते, आणि सर्व वैशिष्ट्यांची मिळून एकच एफ-चाचणी (सर्व फरक एकत्रितपणे तपासणारी चाचणी) लावतो, कारण वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर त्यांतली सरासरीने एखादी केवळ योगायोगानेही पाच टक्क्यांच्या पातळीवर ‘लक्षणीय’ ठरते.

माझी खरी अडचण पुढे आहे. सोडत नीट झाली असेल, तर दिसणारा प्रत्येक फरक योगायोगाचाच असतो. मग पी-मूल्य (निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) नेमके काय सांगते? माझ्या समजुतीप्रमाणे ते सोडतीची अंमलबजावणी बिघडली का एवढेच सांगू शकते, माझ्या अनुमानात किती चूक शिरली हे नाही. माझे मार्गदर्शक मात्र पी-मूल्यांचा तक्ता आवश्यक मानतात. प्रमाण विचलनाच्या (मूल्ये सरासरीपासून किती पसरली आहेत याच्या मापाच्या) एककात मांडलेला फरक नमुन्याच्या आकारासोबत फुगत नाही, म्हणून मला तो अधिक योग्य वाटतो. पण त्यासाठी वापरली जाणारी ०.१ ही मर्यादा निव्वळ संकेत आहे, आणि तिच्यावर निर्णय सोपवणे मला पटत नाही.

प्रत्येक शाळेच्या आत मुलांचे गट हजारो वेळा नव्याने सोडत काढल्यासारखे बदलून एफ-मूल्याचे वितरण मिळवावे, असा माझा विचार आहे. सोडत एकेका मुलाची झाली होती, म्हणून या तपासणीत मुलांचीच अदलाबदल करणे योग्य, आणि वर्गनिहाय गुच्छांचा (एकाच वर्गातील मुलांचे गुण एकमेकांशी जुळते असण्याचा) विचार फक्त गुणांच्या विश्लेषणात करावा, हे बरोबर आहे का? तसेच पहिलीत नव्याने आलेल्या मुलांची सोडत त्याच वर्षी झाली असल्याने, त्यांची तपासणी शाळा आणि प्रवेशाचे वर्ष या जोडीनुसार वेगळी करावी का?

या प्रयोगात प्रवेशापूर्वीची कोणतीही चाचणी घेतलेली नव्हती, म्हणजे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्यच हाती नाही. अशा वेळी तक्त्यात असमतोल दिसला म्हणून एखादे वैशिष्ट्य मागाहून निवडून समायोजन करण्यापेक्षा, गुणांशी संबंध अपेक्षित असलेली वैशिष्ट्ये आधीच ठरवून, तक्ता काहीही सांगो, ती विश्लेषणात ठेवावीत असे मला वाटते. ज्यांनी अशी माहिती प्रत्यक्ष हाताळली आहे, त्यांनी हा क्रम तपासून चुका दाखवाव्यात, ही विनंती.