एसडीएस, पाणी व डोडेकेनचे सिम्युलेशन: नुसता काळ वाढवून भागेल का?

प्रश्न
सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजेच एसडीएस (साबणासारखा सर्फॅक्टंट), पाणी आणि डोडेकेन (एक तेल) यांचे अणुपातळीवरील सिम्युलेशन मी ग्रोमॅक्स या रेणू-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये करत आहे. सर्व रेणू पेटीत विखुरलेले ठेवून सुरुवात केली असता २०० नॅनोसेकंदांनंतरही एसडीएसचे लहान पुंजके पाण्यात तसेच राहतात. मला मुख्यतः आंतरपृष्ठीय ताण, म्हणजे तेल व पाण्याच्या सीमेवरचा ताण, काढायचा आहे. काळ वाढवावा का?

उत्तर १
त्याने फारसे साधणार नाही. एकटा रेणू मिसेलमधून (सर्फॅक्टंट रेणूंच्या गोलसर पुंजक्यातून) सुटण्यास मायक्रोसेकंद लागतात आणि अख्खे मिसेल मोडून पुन्हा जुळण्यास मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक. शिवाय संहतीचाही विचार करावा. एसडीएसची क्रांतिक मिसेल संहती (जिच्यापुढे मिसेल बनू लागतात ती) २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८ मिलिमोलर आहे, म्हणजे एका रेणूमागे पाण्याचे जवळपास ७,००० रेणू. ६० रेणूंच्या एका मिसेलसाठी चार लाखांहून अधिक. आपल्या पेटीत एवढे पाणी बहुधा नसावे, त्यामुळे तेथील द्रावण प्रयोगशाळेतल्यापेक्षा कितीतरी दाट आहे.

उत्तर २
ताणच हवा असेल तर मिसेलची वाट पाहण्याचे कारणच नाही. पाण्याचा थर, त्याला लागून तेलाचा थर आणि दोन्ही सीमांवर एसडीएस अशी मांडणी आधीच करावी. पृष्ठभाग भरलेला असताना प्रत्येक रेणूला साधारण ०.५ चौरस नॅनोमीटर जागा लागते, म्हणून ६ × ६ नॅनोमीटरच्या सीमेवर ७० च्या आसपास रेणू पुरतात. सीमेला लंब दाबातून समांतर दाबांची सरासरी वजा करून पेटीच्या उंचीने गुणावे आणि दोनने भागावे, कारण आवर्ती पेटीत (जिची एक बाजू समोरच्या बाजूला जोडलेली मानतात) सीमा दोन असतात. हा भागाकार राहून गेल्याने दुप्पट आलेले आकडे वरचेवर पाहायला मिळतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुंजक्यांचे विलीनीकरणही पाहायचे झाल्यास डीपीडी (डिसिपेटिव्ह पार्टिकल डायनॅमिक्स) ही ढोबळ कणांची पद्धत चालेल का?

उत्तर १
चालेल. तिथे पाण्याचे अनेक रेणू मिळून एक मऊ कण धरतात. ग्रूट व वॉरन यांनी १९९७ मध्ये सुचवल्याप्रमाणे, डीपीडीच्या स्वतःच्या एककांत घनता ३ असताना समान कणांमधील प्रतिकर्षण २५ ठेवतात. एसडीएसचे भार मात्र बिंदुरूप ठेवू नयेत, ते पसरवावे लागतात. अन्यथा विरुद्ध भारांचे कण एकमेकांवर कोसळतात. कोणतीही पद्धत निवडली तरी सर्फॅक्टंट घालण्यापूर्वी नुसत्या डोडेकेन आणि पाण्याचा ताण सुमारे ५२ मिलिन्यूटन प्रति मीटर येतो का, हे तपासावे.